पूर्वेला दार असलेली मोटार

आमच्या अप्पांचं आयुष्यात सगळं झालं होतं, एक दौरा तेवढा निघाला नव्हता. निजामी राज्यात दौरा निघायचा तो साहेबलोकांचा. तालुकदारसाहेब गावाबाहेर उतरले की आंबराईत तंबू पडायचे, मागं बावर्चीखाना, पुढं पट्टेवाला, आणि गावचे पाटील-कुळकर्णी दोन दिवस उन्हात हात बांधून उभे. अप्पा, म्हणजे माझे वडील, हुमनाबादच्या कोर्टात वकील. वकिलाला कोण दौऱ्यावर पाठवणार? पक्षकाराच्या बैलगाडीत बसून हळ्ळीखेडला जाऊन यायचं, धोतराला कडबा चिकटवून घ्यायचा, आणि घरी आलं की आत्यानं अंगणातच उभं करून पायावर पाणी घालायचं, एवढाच त्यांचा दौरा. हे त्यांना फार सलायचं.

त्यात कुठल्याशा मासिकात त्यांनी एक फोटो बघितला. विलायतेतला कुणी साहेब, त्याची मडम, आणि मागं चाकांवर उभं असलेलं घर. खिडक्यांना पडदे. साहेब दारात खुर्ची टाकून चहा पितोय आणि पाठीमागं डोंगर. त्या डोंगरानं आमचं वाटोळं केलं. अप्पांनी तो फोटो कापून कोटाच्या खिशात ठेवला आणि भेटेल त्याला दाखवायला लागले. "बघा, घर संग घेऊन फिरायलेत." बाररूममधला एक म्हातारा वकील म्हणाला, "गोगलगाय बी तेच करती की." अप्पांना ते लागलं न्हाई. हौसेला मोल नसतं म्हणतात, हौसेला कानही नसतात.

त्यांच्या एका पक्षकाराची सर्विस होती. सर्विस म्हणजे तेव्हाची लोकांची मोटार, गुलबर्ग्याला, बीदरला जायला तीच. त्यातली एक म्हातारी मोटार त्याच्या परड्यात कोंबड्यांनी अंडी घालायला घेतली होती. ती त्यानं मोठ्या प्रेमानं अप्पांच्या गळ्यात बांधली. सोबत तिचा डायवरही दिला, कारण ती मोटार दुसऱ्या कुणाचं ऐकत नव्हती. डायवरला आम्ही सगळे चाचा म्हणायचो. दाढी मेंदीनं लाल, बोलणं दख्खनी, आणि तोंडात कायम पान.

दोन महिने आमच्या दारात सुतार बसला. बाकडी काढली, दोन बाजा ठोकल्या, भांड्यांना फळी, पाण्याच्या घागरींना लाकडी कडी. मागच्या कोपऱ्यात आत्यानं मातीची चूल घातली आणि खालची लाकडी जमीन शेणानं सारवली. आत्या म्हणजे अप्पांची थोरली बहीण, अकाली विधवा होऊन आमच्याकडं राहिलेली. घरातलं सोवळंओवळं तिच्या हातात, म्हणजे घरच तिच्या हातात. चाचाचं तोंड सैपाकाकडं नको म्हणून तिनं पुढं फळ्यांची आडभिंत घालून घेतली. देवांची फळी बसली. पत्र्याच्या डब्यात तुळस आली. मोटारीला डाव्या अंगाला एकच दार होतं, त्याला अप्पांनी उंबरा बसवून घेतला. त्या उंबऱ्याला सगळे ठेचकाळले, आणि ठेचकाळणाऱ्याला अप्पा अभिमानानं सांगायचे, "सागवानी हाय."

इथवर सगळं ठीक होतं. खुळ्याच्या घरी जन्माला आलं की माणूस पुष्कळ गोष्टींना ठीक म्हणायला शिकतं. घोळ झाला तो भटजी आल्यावर.

भटजींनी मोटारीला एक फेरी मारली आणि सरळ विचारलं, "वकीलसाहेब, काय करायचं हिचं? वाहनपूजा का वास्तुशांत?" वाहनपूजेला एक नारळ आणि चाकाखाली चार लिंबं लागतात, अर्ध्या तासात माणूस मोकळा. पण मोटारीला वाहन म्हटलं की ती मोटारच झाली, मग साहेबाच्या फोटोचं काय? अप्पा म्हणाले, "हे घर हाय. वास्तुशांत करा." झाली. होम झाला, टपाला धूर लागला, गल्लीला जेवण झालं. जाताना भटजी उंबऱ्यावर ठेचकाळून म्हणाले, "आता वास्तू झाली बरं का. तर नियम पाळायचा. चूल पेटली, देवापुढं दिवा लागला, की दार दक्षिणेला नको. पूर्व उत्तम. उत्तर चालंल. दक्षिण कदापि न्हाई." आत्यानं मान डोलावली. अप्पांनीही डोलावली. ज्याला चाकं आहेत त्याला दिशा कुठली, हे त्या अंगणात एकाला सुचलं न्हाई. चाचाला सुचलं असावं, पण त्याला कुणी विचारलं नव्हतं.

आता माझं सांगते, कारण हा सगळा खटाटोप नावाला माझ्यासाठी होता.

मी सतरा वर्षांची होते. गुलबर्ग्याला मास्तरणी तयार करायची सरकारी शाळा होती. राहायची सोय तिथंच, दोन वर्षं शिकायचं, मग कुठल्या तरी गावच्या मुलींच्या शाळेवर नेमणूक. तिथं घ्यायच्या आधी परीक्षा व्हायची, सोमवारी सकाळी दहाला. पुढच्या साली माझं वय बसत नव्हतं. म्हणजे ही एकच परीक्षा. त्यावर आईनं अप्पांशी करार केलेला. आई फार बोलायची न्हाई, पण बोलली की वकिलाला उलटतपासणी सुचायची न्हाई. करार असा: पोर शाळेत लागली तर दोन वर्षं लग्नाचं नाव काढायचं न्हाई. न्हाई लागली तर मादन हिप्परग्याचं ठिकाण पक्कं करायचं. मादन हिप्परग्याचा मुलगा मी बघितला नव्हता. त्याची आई बघून गेली होती. तिनं माझ्याकडून सुई ओवून घेतली, चालून दाखवायला सांगितलं, आणि "वाचतीस म्हणं" असं म्हणाली, जशी एखादी म्हणते की खोकतीस म्हणं.

मला मास्तरीण व्हायचंच होतं. फार उदात्त काही नव्हतं त्यात. मला खुर्ची पाहिजे होती. आमच्या घरात खुर्चीवर फक्त अप्पा बसायचे.

आणि खरं सांगायचं तर शिकवलं मला अप्पांनीच. शाळा, कचेऱ्या, सगळा कारभार उर्दूत, परीक्षाही उर्दूत. रोज कोर्टातून आले की ते मला इम्ला घालायचे, म्हणजे ते बोलणार आणि मी लिहिणार. त्यांना दुसरी उर्दू येत नव्हती म्हणून सगळी कोर्टाची. मुद्दई, मुद्दालेह, जब्ती, कुर्की. प्रेमाला उर्दूत काय म्हणतात ते मला पुष्कळ उशिरा कळलं, पण जप्तीचा हुकूम मी झोपेतही बिनचूक लिहिला असता. माझं अक्षर बघून ते म्हणायचे, "मुन्सफाच्या तोंडात मारंल असं लिहितीस." हे आठवलं की मला अजून त्यांचा पुरता राग धरता येत न्हाई, आणि त्याचाच जास्त राग येतो.

हुमनाबादेहून गुलबर्ग्याला सर्विसनं सरळ जाता आलं असतं. तिथं मामाचं घर. रविवारी सकाळी बसलं की दुपारी जेवायला मामाकडं. पण अप्पा म्हणाले, "सर्विस कामून? आपलं घर हाय की. शनिवारी निघू, चिंचोळीच्या डोंगरातनं जाऊ, एक मुक्काम आंबराईत, एक मुक्काम घाटाखाली. सोमवारी पहाटं उठून तुला शाळेच्या फाटकात उतरवतो. डोकं थंड, पोट भरलेलं. दुसऱ्या पोरी सर्विसमधून ओकत येतील, तू घरातून उतरशील." आई म्हणाली, "वाकडी वाट हाय." अप्पा म्हणाले, "डोंगर सरळ वाटंवर नसत्यात." या वाक्यावर ते स्वतःच इतके खूश झाले की पुढं वाद घालायला जागाच राहिली न्हाई.

शनिवारी निघालो. सगळी गल्ली जमली. अप्पा कोट घालून दारात उभे, एक हात चौकटीला, अगदी फोटोतल्यासारखे. चाचानं हँडल मारलं, मोटार खोकली, हलली, आणि पहिल्याच हिसक्याला देवांच्या फळीवरून बाळकृष्ण पिठाच्या डब्यात पडला. आत्यानं त्याला पुसून परत बसवला आणि दोरीनं बांधला. देवाला बांधलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.

पहिला दिवस मात्र दृष्ट लागण्यासारखा गेला, हे कबूल केलं पाहिजे. चिंचोळीकडं जाणारा रस्ता आग्नेयेला उतरतो, त्यामुळं आमचं दार आपोआप ईशान्येला. आत्या म्हणाली, "बघा, देवाच्या कोपऱ्याकडं दार. वास्तू लाभली." तांबडा मुरूम, बाजूला तुरी, पुढं हळूहळू साग सुरू झाला. अप्पा खिडकीतून डोंगर दाखवत होते, एकच डोंगर प्रत्येक वळणावर नव्यानं. मी बाजेवर बसून इम्ल्याची वही धरली होती, अक्षरं उड्या मारत होती.

संध्याकाळी एका गावाच्या आंबराईत उतरलो. अप्पांनी खुर्ची टाकली आणि पाटलाची वाट बघत बसले. पाटील आले न्हाईत, ते सोयरिकीला गेले होते. बाया आल्या. एकीनं आत डोकावून चूल बघितली, तुळस बघितली, बांधलेला बाळकृष्ण बघितला, आणि डोळ्यांत पाणी आणून आत्याला म्हणाली, "घर जळालं का हो अक्का? कामून असं फिरायलासा?" आत्या म्हणाली, "हौस हाय." ती बाई म्हणाली, "अगं बाई," आणि गावात जाऊन ज्वारीच्या चार दशम्या आणि मिरचीचा ठेचा घेऊन आली. अप्पांनी दशमी खाल्ली, पण तोंड पाडून. पाटलानं उभं राहावं म्हणून निघालेल्या माणसाला बाईनं भाकरी वाढली होती.

रविवारी चिंचोळीच्या पुढं रस्ता पश्चिमेला वळला, आणि मग सुरू झालं. गुलबर्ग्याकडं तोंड केलं की डावा हात दक्षिणेला. म्हणजे दार दक्षिणेला. धावती मोटार चालायची, कारण चूल विझलेली. पण सकाळी दूध तापवायला थांबलो तर आत्या दारात आडवी. "दक्षिण हाय. फिरवा." चाचानं माळावर मोटार दक्षिणेकडं तोंड करून लावली, दार पूर्वेला आलं, दूध तापलं. जेवायला थांबलो, परत फिरवली. अप्पांच्या डुलकीआधी दूध पुन्हा तापवायला, परत. चाचा प्रत्येक वेळी खाली उतरायचा, चारी बाजू बघायचा, पान थुंकायचा आणि वळवायचा. तिसऱ्या खेपेला तो अप्पांना म्हणाला, "वकीलसाब, ये घर है तो मेरे कू कायकू लाये? गवंडी कू लाते." अप्पा हसले न्हाईत. मी हसले. शेवटची हसले ती तेव्हा.

दुपार कलली तेव्हा आम्ही घाटात लागलो. उजवीकडं डोंगर, डावीकडं दरी, मधे एक मोटार जाईल आणि दुसरीनं अंग चोरावं एवढा रस्ता. खाली पळस, साग, आणि दूर पाण्याची रेघ. खरंच देखणं होतं. मला परीक्षा नसती तर मीही म्हटलं असतं, थांबा जरा. म्हणाले अप्पा. "इथं चहा घ्यायचा." फोटोतला डोंगर सापडला होता.

मी म्हणाले, "अप्पा, घाट उतरून घ्या. खाली थांबू."

"खाली डोंगर कुठला?"

आत्यानं चूल पेटवली, मग बाहेर बघितलं, आणि म्हणाली, "दक्षिण."

चाचा म्हणाला, "बीबीजी, घाट में नक्को. रस्ता आडवा होता." आत्या म्हणाली, चूल पेटली, आता विझवायची न्हाई, दिवेलागण जवळ आली. दोघांनी अप्पांकडं बघितलं. अप्पांनी तेव्हा एक शब्द बोलायचा होता. पण वास्तुशांत त्यांनी घातली होती, गल्ली त्यांनी जेवू घातली होती, आणि हे घर आहे असं सगळ्या हुमनाबादला त्यांनीच ओरडून सांगितलं होतं. आता घर न्हाई म्हणायचं कुठल्या तोंडानं? ते म्हणाले, "घराचं दार दक्षिणेला उघडत न्हाईत. फिरवा."

चाचानं फिरवली. पुढं घे, मागं घे, पुढं घे. पुढची चाकं दरीच्या दगडांना टेकली, मागची डोंगराकडच्या चरात उतरली. पावसानं भिजलेला मुरूम, चाक बुडालं ते आसापर्यंत. मोटार रस्त्यावर आडवी बसली, पार्श्वभाग खाली आणि नाक दरीवर. दार मात्र बरोबर पूर्वेला. असं पूर्वेला की भटजींनीही दोरी लावून बघावं.

आई उठली. तिनं चुलीवरचा चहा उतरवला आणि सगळ्यांना दिला. अप्पांनी खुर्ची बाहेर टाकली न्हाई, एवढी लाज त्यांना होती.

घटकाभरात मागून भोंगा आला. चिंचोळीहून गुलबर्ग्याला जाणारी शेवटची सर्विस, आणि ती पूर्वेकडून आली म्हणून थेट आमच्या दारात येऊन थांबली, पाहुण्यासारखी. माणसं उतरली. आधी सगळी हसली, मग सगळ्यांनी खांदा लावला. मोटार चरातून निघाली न्हाई, पण नाक जरा सरकलं आणि सर्विसला घासून जाता येईल एवढी वाट झाली. रिकामी सर्विस पलीकडं गेली आणि माणसं चढायला लागली.

तेव्हा सर्विसचा डायवर आईला म्हणाला, "मावशी, जनानी पडद्याआड दोघींची जागा हाय. पोरीची उद्या परीक्षा म्हणता. चला, मामाच्या दारात उतरवतो. यांना सकाळी बैलं पाठवून देतो."

आईनं माझं बोचकं आधीच काढून ठेवलं होतं. ती अप्पांना म्हणाली, "मी जाते पोरीसंग. तुम्ही या सकाळी."

अप्पा म्हणाले, "आता दिवेलागण हाय. तिन्हीसांजेला लेक घराबाहेर काढत न्हाईत."

"हे घर न्हाई. ही मोटार हाय. रुतलेली मोटार हाय."

आईनं चारचौघांत असं बोललेलं मी आधी कधी ऐकलं नव्हतं. सर्विसमध्ये चढणारी माणसं वळून बघायला लागली. आणि तिथंच चुकलं. एकांतात बोलली असती तर अप्पा कदाचित ऐकले असते. पण तिकडं खिडकीत दोन पक्षकार बसलेले, एक कोर्टाचा कारकून बसलेला. अप्पांना दिसलं की उद्या बाररूममध्ये काय बोलतील. वकिलाचं घर घाटात बसलं आणि बायकापोरं सर्विसनं गेली. तिन्हीसांज, लेक, लक्ष्मी, हे सगळं त्यावरचं पांघरूण होतं. मला तेव्हाही कळलं होतं, आताही सांगते.

मी म्हणाले, "अप्पा, मला जाऊ द्या."

ते माझ्याकडं बघत नव्हते. कारकुनाकडं बघत होते. "अगं, पहाटं बैलं येतील. सहाला निघालो तरी नऊला तिथं. मी शब्द दिलाय ना? फाटकात उतरवतो म्हणून?"

आत्या रडायला लागली, तिन्हीसांजेला घरात भांडण म्हणून. सर्विसवाल्यानं थोडं थांबून बघितलं, भोंगा वाजवला आणि गेला. पडद्याआडची जागा रिकामीच गेली असेल, वाटेत कुणी बाई चढली असेल तर बरं. आईनं बोचकं परत बाजेखाली सरकवलं. मी सांजवात लावली. तेही मलाच सांगितलं.

बैलं पहाटं आली न्हाईत. सातला आली. सर्विसवाल्यानं निरोप दिला होता, पण शेतकरी माणूस धार काढून, बैलांना पाणी पाजूनच येणार. दोन जोड्या घेऊन एक अण्णा आला. मोटारीकडं बघून म्हणाला, "आडवी कामून लावलासा?" आत्यानं पूर्वेचं सांगितलं. तो म्हणाला, "आमची गाडी तर कुठंबी तोंड करती. देव काय बोलला न्हाई अजून." दोर बांधला, बैलांना हाक दिली, आणि अर्ध्या तासात मोटार वर. मी धावत जाऊन बाजेवर बसले. चाचानं हँडल मारलं.

अप्पा म्हणाले, "थांबा. दारात आलेल्या माणसाला चहाबिगर लावून द्यायचं का? घर हाय आपलं."

मोटार पश्चिमेकडं तोंड करून उभी होती. चहा करायचा म्हणजे चूल पेटवायची. चूल पेटवायची म्हणजे दार पूर्वेला.

इथं मी ओरडले. जन्मात एकदा अप्पांवर ओरडले, काय ओरडले ते आठवत न्हाई, पण बैल बुजले. अण्णा म्हणाला, "चहा नगं मला, पोर रडायली." अप्पांनी मग चूल न पेटवता निघायची परवानगी दिली, फार मोठं मन केल्यासारखं, पण त्याआधी अण्णाला सगळं घर आतून दाखवलं. घागरींची कडी, फळ्या, उंबरा. अण्णा उंबऱ्याला ठेचकाळला.

घाट उतरल्यावर रेडिएटर तापला, दोनदा तो गार व्हायची वाट बघत बसावं लागलं, दोनदा लांबच्या ओढ्यातनं पाणी आणून घालावं लागलं. रस्त्यात अप्पा मला इम्ला घालत होते, उजळणी म्हणून. मी लिहीत नव्हते. ते बोलतच राहिले, मुद्दई, मुद्दालेह, जणू काही मी लिहीतच आहे.

शाळेच्या फाटकात आम्ही उतरलो तेव्हा एक वाजून गेला होता. शब्द दिल्याप्रमाणे अगदी फाटकात. मुली बाहेर पडत होत्या. बोटांना शाई, तोंडं लाल, एकमेकींना विचारत होत्या काय काय लिहिलंस. अप्पा आत गेले. मी फाटकाचा गज धरून उभी. आई माझ्या पाठीवर हात ठेवून उभी होती, तो हात मी झटकला. तिचा काय दोष होता, पण झटकला.

अप्पा शाळेच्या मोठ्या बाईंना घेऊनच बाहेर आले. चष्मा, पांढरी साडी, चालणं भराभर. मला वाटलं, झालं काम, माणूस वकील आहे, काहीतरी करून आणलं. बाईंनी माझ्याकडं बघितलं, मग माझ्या मागं मोटारीकडं बघितलं, आणि बघतच राहिल्या. अप्पांनी आत बोलावलं. त्या गेल्या. चूल बघितली, पडदे बघितले, देवांची फळी बघून हसल्या. उतरताना अप्पांना उर्दूत म्हणाल्या, वकीलसाहेब, या मुलींपैकी कुणाचा बाप हमाल आहे, कुणाला बापच न्हाई, ओल्या बाळंतिणीसुद्धा सासरची नजर चुकवून चालत आल्यात आणि दहाच्या आत पोचल्यात. जी लेक घर संग घेऊन डोंगर बघत येते, तिला आमच्या नोकरीची काय गरज? तिच्यासाठी मी यांतल्या कुणाची जागा अडवून ठेवू?

हे सगळं त्या नम्रपणे म्हणाल्या. उर्दूत काहीही नम्रपणे म्हणता येतं. आणि मला त्यातला शब्दन् शब्द कळला, कारण अप्पांनी मला ती भाषा चांगली शिकवली होती.

अप्पांचं तोंड क्षणभर पडलं. मग बाई म्हणाल्या, "मोटार मात्र खूब आहे. मुलींना दाखवाल का?" आणि काय सांगू, त्यांचा चेहरा उजळला. खरोखर उजळला. "जरूर, जरूर," असं म्हणत ते दाराशी जाऊन उभे राहिले, एक हात चौकटीला. मला म्हणाले, "पडदा धर गं जरा."

मी पडदा धरला. मुली एकामागून एक चढल्या, ठेचकाळल्या, हसल्या, अप्पांनी प्रत्येकीला सागवानी हाय म्हणून सांगितलं. शेवटी माझ्याएवढीच एक मुलगी होती, तिच्या ओढणीलाही शाई लागलेली. ती माझ्यापाशी थांबली. मराठीच होती, बोलण्यावरून आमच्याच भागातली.

"किती मजा तुमची," ती म्हणाली. "तू बसली होतीस का परीक्षेला? दिसली न्हाईस."

"न्हाई," मी म्हणाले. "आम्ही फिरायला आलोत."